आईचे गाव, समुद्राकडून

विजयदुर्गाला आजवर मी सहा वेळा गेलो आणि सहाही वेळा परसदाराने गेलो. तळेऱ्याला महामार्ग सोडायचा, सड्यावरचे कातळ मोजत आणि आंब्याच्या बागांच्या गडग्यांना घासत एस. टी.तून हिंदकळायचे, आणि जिथे रस्ता संपतो तिथे उतरायचे. समोर किल्ला. मावशीकडे दोन दिवस राहायचे, फणस-कोकमांच्या पिशव्या भरायच्या, की आल्या वाटेने परत. एखाद्या घरी जन्मभर मागच्या दाराने शिरावे, मोरी आणि चूल तेवढी पाहावी आणि त्या घराला ओसरी आहे याचा पत्ताच नसावा, तसे माझे झाले होते. बंदराच्या गावाची ओसरी समुद्राकडे असते, हे मला पासष्टी ओलांडल्यावर कळले.

त्याला कारण माझे एक शाळासोबती. हे गृहस्थ तीस वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर माणसे बाग करतात, नातवंडे सांभाळतात, निदान मधुमेह तरी सांभाळतात. यांनी एक शिडाची नाव घेतली. तीस फूट लांब, एक डोलकाठी, दोन शिडे, आणि वारा रुसलाच तर पोटात एक लहानसे डिझेल इंजिन. तिच्यात चार माणसे झोपू शकतात असे ते सांगतात. ही चार माणसे एकाच वेळी कूस बदलणारी असली पाहिजेत, हे मात्र ते सांगत नाहीत.

"चल विजयदुर्गाला," ते म्हणाले. "तुझे आजोळ ना ते? तुला समुद्राकडून दाखवतो."

घरी परवानगी मागितली. सौ. म्हणाल्या, "तुम्हाला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना लिंबू लागते." आई मात्र एकदम ताठ बसली. तिचे वय शहाऐंशी. १९५७ साली लग्न होऊन ती विजयदुर्गाहून आगबोटीने मुंबईला आली, त्या वेळी पडावातून बोटीवर चढताना तिची एक वहाण खाडीत पडली होती. तेवढीच एक हकिकत ती आम्हाला नेहमी सांगे. दुसरीही एक हकिकत होती. ती तिने सांगायचे सोडून दिले होते, आणि त्याला कारण मी होतो. त्याविषयी पुढे सांगतो.

"जाऊन ये," एवढेच ती म्हणाली.

२०२५ च्या जानेवारीत, तेविसाव्या तारखेला, आम्ही मुंबई सोडली. कप्तान, मी आणि माझा भाचा. भाचा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, आणि बोलतोही तसाच. पहिल्या दिवसाचे वर्णन मी करणार नाही. लिंबे सहा नेली होती. मुरुडच्या आधी संपली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र पोट जागेवर आले आणि डोळे उघडले. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात वाऱ्याचे वेळापत्रक असते, आणि ते आपल्या लोकलपेक्षा बरे पाळले जाते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. थंड, सुका, त्याला शेणाचा आणि पाचोळ्याच्या धुराचा वास. दहा-अकराला तो दमतो. मग तास-दीड तास पाणी तेलासारखे पडून राहते, शीड ओल्या धोतरासारखे लोंबते आणि माणसे एकमेकांवर चिडतात. दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो, तो सूर्य मावळेपर्यंत नावेला दक्षिणेकडे ढकलत नेतो. पूर्वीची गलबते मुंबईहून मालवणला याच दोन वाऱ्यांच्या भरवशावर जात. आमच्या नावेत उपग्रहाकडून जागा सांगणारे यंत्र होते, खोली मोजणारे यंत्र होते. पण निघायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा हे अजूनही वाराच ठरवत होता. रात्री आम्ही चालतच नव्हतो. मच्छीमारांची जाळी मैल मैल पसरलेली असतात आणि लहान होड्यांवर दिवा असतोच असे नाही. म्हणून मुरुड, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असे मुक्काम करत, खाडीच्या तोंडाशी नांगर टाकत आम्ही उतरत गेलो.

सत्ताविसाव्या तारखेला पहाटे रत्नागिरी सोडली. विजयदुर्ग तिथून पंचवीस-सव्वीस सागरी मैल. दुपारी दोनच्या सुमारास कप्तानांनी बोट दाखवले, "ते बघ तुझे आजोळ."

मला काही दिसेना. काळसर टेकाड, त्याच्यापुढे काळसर खडक. जांभा आणि कातळ यांचा रंग असा की किल्ला कुठे सुरू होतो आणि डोंगर कुठे संपतो ते उमगत नाही. मग नाव आणखी मैलभर पुढे गेली, उन्हाचा कोन बदलला आणि त्या खडकाला एकाएकी बुरूज फुटले. एकामागे एक, तिहेरी तट. तीन बाजूंना पाणी. मी सहा वेळा या तटावर उभा राहून भेळ खाल्ली होती. आज पहिल्यांदाच तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याचे तोंड इकडे आहे, समुद्राकडे, हे लख्ख दिसले. गावाकडे त्याची पाठ आहे.

खाडीत शिरताना किल्ला उजव्या हाताला राहतो. वाघोटणच्या या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा नाही, त्यामुळे कुठल्याही हवेत आत शिरता येते. पश्चिम किनाऱ्यावर अशी बंदरे थोडी. वाट मात्र नीट ठाऊक हवी. किल्ल्यालगत पाण्याखाली जांभ्या दगडाची चांगली शंभर मीटरांहून लांब भिंत सापडली आहे. परक्या जहाजाचा तळ फुटावा म्हणून ती बांधली, असे गावात सांगतात. आम्ही एका मच्छीमार होडीच्या मागोमाग सुरक्षित अंतर ठेवून गेलो. किल्ल्याला वळसा घातला आणि वारा पडला, लाटा पडल्या, सारे एकदम शांत झाले. दारातून आत आल्यावर कोणी तरी मागे दार लोटून घ्यावे, तसे. किल्ल्याच्या पूर्वेला चार वाव पाण्यात आम्ही नांगर टाकला.

डिंगीने धक्क्यावर उतरलो, तो एक पोलीस हवालदार वाट पाहतच होते. प्रजासत्ताक दिन नुकताच झालेला, किनाऱ्यावर बंदोबस्त. त्यांनी कागद पाहिले, आधारकार्डे पाहिली, आणि मग शंका विचारली, "मासळी नाही, पॅसिंजर नाही, माल नाही. मग आलात कशाला?"

"गाव बघायला," मी म्हणालो.

"मग एस. टी. आहे की."

मी म्हणालो, माझे आजोळ इथले आहे. तेव्हा त्यांनी आडनाव विचारले, वाडी विचारली, आणि कागद परत दिले. मावशी जाऊन आठ वर्षे झाली. घराला कुलूप आहे. फणस उभा आहे, एवढे पाहून मी अंधार पडायच्या आत नावेवर परतलो.

ती रात्र मी विसरणार नाही. अमावास्या दोन दिवसांवर आलेली. किल्ल्याच्या मागे सूर्य गेला आणि तट नुसती काळी रेघ झाला. कप्तान नि भाचा आत झोपले. मी वर सुकाणूजवळ बसलो होतो, आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती: याच पाण्यावर मराठ्यांचे आरमार जळाले.

शाळेत ही गोष्ट आम्ही घाईघाईने ओलांडली होती. कान्होजी आंग्रे १७२९ साली गेले. त्यांच्या हयातीत इंग्रजांनी १७१७ मध्ये आणि पुन्हा १७२० मध्ये या किल्ल्यावर हल्ला करून पाहिला, १७२४ मध्ये डचांनी पाहिला. तिघांनाही हात हलवत परतावे लागले. पुढे आंग्रे भावाभावांत भांडणे लागली. विजयदुर्ग तुळाजीकडे आला. तुळाजी शूर होता, पण कोणाचे ऐकणारा नव्हता. इंग्रज, डच, पोर्तुगीज यांना तो डोईजड झालाच, पण पेशव्यांच्या मुलखालाही त्याने उपद्रव दिला. नानासाहेब पेशव्यांनी त्याला वठणीवर आणायचे ठरवले, आणि त्यासाठी मदत घेतली ती मुंबईकर इंग्रजांची. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला. १७५६ च्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन जहाजे घेऊन या खाडीच्या तोंडाशी आला. त्याच्याबरोबर जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख होता रॉबर्ट क्लाइव्ह. प्लासीला अजून सव्वा वर्ष अवकाश होता.

आंग्र्यांची गुराबे आणि गलबते किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांना दोरांनी बांधून उभी होती. मी बसलो होतो तिथून हाकेच्या अंतरावर असतील. आडोसा म्हणून जी जागा उत्तम, तीच आग लागली तर पळायला वाईट, हे नांगर टाकल्याशिवाय ध्यानात येत नाही. तोफगोळ्यांपैकी एक पडला तो 'रेस्टोरेशन' नावाच्या जहाजावर. हे जहाज मुळात इंग्रजांचेच. आंग्र्यांनी पकडून आपल्या ताफ्यात घेतलेले. त्याने पेट घेतला, आणि मग दोरांवरून, शिडांवरून आग एकाकडून दुसऱ्याकडे गेली. काही तासांत आरमार संपले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. लूट सुमारे दहा लाखांची. ती इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, पेशव्यांच्या वाट्याला काही आले नाही. किल्लाही त्यांनी महिनोन्‌महिने सोडला नाही. बाणकोट पदरात पडल्यावर सोडला. तुळाजीने उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत काढले.

घरात चार भाऊ असतात, एक हट्टी निघतो, त्याला धडा शिकवायला आपण शेजाऱ्याला हाक मारतो. शेजारी येतो. धडाही शिकवतो. जाताना कपाटही घेऊन जातो. ही काही फक्त १७५६ सालची गोष्ट नाही; आमच्या चाळीत मी ती दोनदा पाहिली आहे. पण नानासाहेबांनाच सारा दोष देणेही मला त्या रात्री जमेना. पुण्याहून समुद्र दिसत नाही. मीसुद्धा सहा वेळा येऊन तो पाहिला नव्हता.

विजयदुर्गाचे आरमार त्यानंतर अगदीच मेले असेही नाही. पेशव्यांनी आनंदराव धुळपांना इथे सुभेदार नेमले, आणि १७८३ साली त्यांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांचे 'रेंजर' जहाज लढून पकडले. पण पकडलेले जहाज इथे आणले तेव्हा ज्यांनी १७५६ ची आग पाहिली होती अशी म्हातारी माणसे तटावर उभी असतील, त्यांना काय वाटले असेल, याचा विचार करत मी तिथेच झोपी गेलो. पहाटे मतलईने हुडहुडी भरली तेव्हा जागा झालो.

सकाळी भरतीबरोबर डिंगी वल्हवत खाडीत थोडे आत गेलो. तिथे आंग्र्यांची गोदी आहे: खडक तासून केलेली, सुमारे साडेतीनशे फूट लांब. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला ते कोरडे पडले की तळाची डागडुजी करायची. आता तिच्यात गाळ आहे, खेकडे आहेत. गोदी पाहून कप्तान बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "काम चोख केले आहे." त्यांच्या तोंडून हे फार मोठे प्रशस्तिपत्र.

दहाच्या सुमारास किल्ल्यात गेलो. भाच्याला बाकी कशाचे नव्हते, त्याला 'साहेबाचे ओटे' पाहायचे होते. आता ती दुसरी हकिकत सांगायची वेळ आली.

आई आम्हाला लहानपणी सांगायची, की तिच्या आजाने, म्हणजे माझ्या पणजोबांनी, ग्रहण बघायला आलेल्या साहेबाला पाणी पुरवले. थंडीचे दिवस होते. साहेबाची मोठी आगबोट खाडीत उभी होती. गोरे खलाशी किल्ल्यात तंबू ठोकून होते. साहेब रात्र रात्र काचा धुवायचा आणि त्याला गोडे पाणी लागायचे. ते पाणी आजाने वाहिले, रोजचे दोन आणे घेऊन. आजाचे वय तेव्हा बारा. आणि त्या ग्रहणात साहेबाला सूर्यावर हेलियम सापडला.

१९७३ साली मी चौदा वर्षांचा होतो, आणि चौदाव्या वर्षी मुलगा सर्वज्ञ असतो. सामान्य ज्ञानाच्या एका पुस्तकात मी वाचले, की हेलियमचा शोध १८६८ सालच्या ग्रहणात लागला. आईचा आजा जन्मला १८८६ च्या आसपास. घरी हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या, आई रंगात येऊन ही गोष्ट सांगत होती, आणि मी पुस्तक घेऊन मध्ये उभा राहिलो. "आई, तुझा आजा तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता!" बायका हसल्या. आईही हसली, आणि वाण आणायला आत गेली. त्यानंतर तिने ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. बावन्न वर्षे. मुलांना नाही, नातवंडांना नाही. माझ्या मुलीने एकदा विचारले तेव्हा म्हणाली, "ती खोटी होती गो."

ओट्यांपाशी उभे राहून मी हे भाच्याला सांगितले; थट्टेनेच सांगितले. तो थट्टेने ऐकेना.

"मामा," तो म्हणाला, "१८६८ साली लॉकियर इथे नव्हतेच. ते ग्रहण अठरा ऑगस्टचे. त्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर इंग्लंडात होते. त्यांनी त्या वर्षी ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेवरची ती पिवळी रेघ पाहिली. हेलियम पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडले. विजयदुर्गाला सर नॉर्मन लॉकियर आले ते बावीस जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. गावात दोन्ही ग्रहणांची सरमिसळ झाली आहे. अठरा ऑगस्टला इथे हेलियम दिन पाळतात."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. अठरा ऑगस्ट! कोकणात अठरा ऑगस्टला सूर्य कोण बघणार? सूर्य आहे की नाही याचीच त्या दिवसांत शंका असते. आणि आई सांगायची, थंडीचे दिवस होते.

"खाडीत बोट होती का?" मी विचारले.

"होती. 'मेल्पोमिनी' नावाची इंग्रजांची लढाऊ बोट. तिच्या खलाशांना लॉकियरनी यंत्रे हाताळायला शिकवून कामाला लावले होते. दुसरी मंडळी देशावर जेऊरला गेली होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे नायगमवाला तिकडेच होते."

"आणि काचा? साहेब काचा कसल्या धुवायचा?"

भाचा हसला. "फोटोच्या, मामा. तेव्हा फोटो काचेवर निघत. खग्रास स्थिती दोन मिनिटांची, पण काचा धुवायला रात्री पुरायच्या नाहीत. आणि खाऱ्या पाण्याने धुतल्या तर सगळे वाया."

१८९८ वजा १८८६. हा हिशेब चौदा वर्षांच्या मुलालाही येतो.

मी ओट्यावर बसलो. तटाच्या वरून खाली खाडी दिसत होती, आणि तिच्यात आमची नाव नांगरावर डोलत होती. इथून पाहिली तर काडेपेटीएवढी. सहा वेळा मी या ओट्यांवरून गेलो असेन, पण खाली पाणी रिकामे होते. रिकाम्या पाण्याकडे पाहून कोणाला बोट आठवत नाही. आता तिथे एक नाव होती, तिच्या जागी एक मोठी लढाऊ बोट कल्पिणे कठीण नव्हते. किल्ल्याच्या वाटेने घोंगडी पांघरलेला एक बारा वर्षांचा पोरगा पाणी घेऊन वर येत आहे, हेही कठीण नव्हते. त्याने ते खरोखर केले की नाही, हे सांगायला आता कोणी नाही. पण करू शकत होता. मी ज्या पुराव्याने आईला खोटे पाडले, तो पुरावाच खोटा होता.

किल्ल्यात फोनला रेंज येत-जात होती. डोंबिवलीला सौ.नी उचलला. मी म्हणालो, आईला दे. तिला कमी ऐकू येते, म्हणून ओरडावे लागले; तटावरची सहल आमच्याकडे बघू लागली.

"आई, मी किल्ल्यात आहे. साहेबाच्या ओट्यावर."

"मगे?"

"तुझ्या आजाची गोष्ट. ती खरी असेल, आई. ग्रहण जानेवारीतले होते. माझे साल चुकले होते."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटले, फोन तुटला.

"असात म्हणजे काय?" आई म्हणाली. मुंबईत साठसत्तर वर्षे काढून ती शुद्ध बोलते. मालवणी येते ती फक्त रागात. "माझो आजो काय खोटा बोलतलो?"

"नाही. मीच चुकलो."

पुन्हा काही वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग तिने विचारले, "पडावातून उतरलास?"

"आता पडाव नाहीत, आई. लहान होडी आहे आमची."

"वहाणी सांभाळ."

"सांभाळतो. आजाने पाणी कावडीने नेले ना ग? मी भाच्याला तसेच सांगितले."

"कावड न्हय रे. घागर. डोक्यार. कावड किल्ल्याच्या दरवाजात वळत नाय." ती जरा थांबली. "पोरगो आसा थंय? त्याका दी फोन. तुका नाय सांगूचा."

मी फोन भाच्याच्या हातात दिला. त्याने तो दोघांना ऐकू येईल असा ओट्याच्या दगडावर ठेवला. खाली ओहोटी लागली होती आणि आमची नाव नांगराभोवती हळूहळू फिरून नाळ आतल्या बाजूला करत होती. आईने घसा साफ केला.

"थंडीचे दिस होते," ती म्हणाली.